अण्णांचा त्रेसष्टावा मजला

रत्नागिरीत आमच्या शेजारी राहणारे गणूअण्णा बल्ब बदलायला मला हाक मारतात. स्टुलावर चढलं की त्यांना भोवळ येते. असा हा माणूस गगनचुंबी इमारतींच्या वेड्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन आहे, हे मला त्यांच्याच स्टुलावर उभा असताना कळलं. बल्ब हातातून सुटला.

"दुबईवाल्याने परत घोळ केलान!" खाली अण्णा मोबाइलवर बोटं आपटत होते. "अँटेना उंचीत धरायची नाय! किती वेळा सांगायचं?"

अण्णा एसटीचे निवृत्त कंट्रोलर. राजापूर स्टँडवर गाड्या पुकारून आवाज खणखणीत झालेला. ग्रुपवरच्या बातम्याही तसेच पुकारतात. "शांघायचं काम एकशेदहाव्या मजल्यावर पोचलेलं आहे होऽऽ!" आमच्या परसातला माड त्यांच्या हिशेबी 'चार मजले, बांधकाम चालू.'

परवा सकाळी त्यांचा ओरडा ऐकून मी धावलो. अण्णा पडवीत मोबाइल डोळ्यांशी धरून उभे. मुंबईतल्या एका अर्धवट टॉवरचा फोटो कोणीतरी टाकला होता. त्रेसष्टाव्या मजल्याच्या कडेला एक कामगार, कमरेला सुरक्षेचा पट्टा नाही. खाली मेंबरांच्या टाळ्याच टाळ्या. मांजरालाही 'अहो' म्हणणाऱ्या अण्णांनी त्या टाळ्यांखाली जी शिवी लिहिली होती, ती वाचून मी चाटच पडलो. पुढे हुकूम होता, 'जवळ कोण असेल त्याने आत्ता जाऊन काम थांबवा.'

आणि खरंच एक जण गेला! तासाभरात निरोप आला, कामगाराला खाली उतरवलं.

"अण्णा, कोण कुठला माणूस, त्याच्यासाठी एवढं?"

"कोण कुठला नाय. आमचा संदेश तो."

नोकरीवरून अण्णांशी भांडून त्यांचा मुलगा संदेश तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तेव्हापासून अण्णांच्या घरात त्याचं नाव निघालं नव्हतं.

"माझा फोन उचलत नाय," अण्णा म्हणाले. "टॉवरचं नाव तेवढं त्याच्या मित्राने सांगितलान. तिथले फोटो या ग्रुपात येतात म्हणून शिरलो. एक खांदा पाडून उभा राहतो ना, लगेच ओळखू येतो."

दुपारी त्यांचा फोन वाजला. पलीकडचं मला पडवीबाहेर ऐकू येत होतं. "काम थांबवायला माणूस पाठवणारे रत्नागिरीचे ते अण्णा म्हणजे तुम्हीच ना, बाबा? साइटवर माझी शोभा केलीत! सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला मला!"

सबंध स्टँड हलवणाऱ्या अण्णांनी त्याला दमेपर्यंत ओरडू दिलं. मग अगदी हळू विचारलं,

"वरून समुद्र दिसतो काय रे?"

मला वाटलं, ठेवलान फोन.

"दिसतो," आवाज आला. "पण आपल्यासारखा नाय."

अण्णा फोन कानाशी घट्ट धरून पायरीवर बसले आणि मला हातानेच 'जा' म्हणाले.