शर्यतीआधीची सुयुंचू

शनिवारी दुपारी चार वाजता पुरुषांच्या शंभर मीटर शर्यतीची अंतिम फेरी असल्याने शुक्रवारी सकाळी आमच्या प्रांतिक क्रीडा विभागात तातडीची बैठक बोलावण्यात आली. बैठकीपुढे विषय एकच होता. विजयाची बातमी अकीमसाहेबांना, म्हणजे प्रांताच्या कारभाऱ्यांना, कोण सांगणार?

सहा देशांचे धावपटू आमच्या गावी, कोक-बुलाकला आले होते आणि अंतिम फेरीत आमचा बेकतुर होता. गेली आठ वर्षं तो आमच्या मैदानावर पहाटेपासून पळत होता. त्याचे बूट कुठवर फाटलेत, तो जेवतो काय, हे विषय बैठकीपुढे नव्हते आणि असण्याचं कारणही नव्हतं. धावणं हे त्याचं काम, सुयुंचू मागणं हे विभागाचं.

आता आनंदाची बातमी घेऊन जो पहिला दारात "सुयुंचू!" म्हणून ओरडेल, त्याचा हात घरधन्याने भेट देऊन भरायचा, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. नातू झाला, सुयुंचू. हरवलेली गाय सापडली, सुयुंचू. दुसरा जो येतो त्याला चहा मिळतो, तोही त्याने मागितला तर. गेल्या वर्षी आमच्या पैलवानाला कांस्यपदक मिळालं तेव्हा अग्निशमन प्रमुख दुइशेनबेक घंटा बडवत बंबातून गेला आणि प्रांताच्या अकीमसाहेबांकडून शिंगरू घेऊन आला. आमचे विभागप्रमुख शायमेर्देन अके तेव्हा जिन्यातच गुडघा धरून बसले होते. तो गुडघा बरा झाला, पण शिंगराचं दुःख काही बरं झालं नाही.

मी मायरम, या विभागाची मुख्य लिपिक. शिक्का आणि चहाची किटली, दोन्ही माझ्याच ताब्यात.

"मायरम, लिहून घे," अके म्हणाले. "या खेपेला बंब आपल्या आधी पोचता कामा नये."

"अके, स्टेडियमपासून अकीमसाहेबांचं घर दीड किलोमीटर. बंबाला लागतात तीन मिनिटं. आणि तुम्हाला..." मी त्यांच्या पोटाकडे बघितलं.

"पोटाकडे काय बघतेस?"

"अंतराचा अंदाज घेतेय."

त्यावर आमच्या हिशेबनीसाने खरा मुद्दा काढला. "पण अके, अकीमसाहेबांनी शर्यत टीव्हीवर स्वतःच बघितली तर?"

खोलीत सगळ्यांचे चेहरे उतरले. माणसाला बातमी आपली आपण कळली की सुयुंचूचा विषयच संपला. पण अडचण सगळ्या खात्यांची सारखीच होती, त्यामुळे कधी नव्हे ते सहकार्य झालं. वीज खात्याने अकीमसाहेबांच्या दिवाणखान्याची लाईन शनिवारी तीन ते पाच 'तांत्रिक कारणास्तव' बंद ठेवण्याचं लेखी कळवलं. साहेबांनी स्टेडियमवरच यायचं ठरवू नये म्हणून गावातल्या ज्येष्ठांचा चहा त्याच वेळेला ठेवण्यात आला. पांढरी दाढी समोर बसलेली असताना मधूनच उठून जाणं शोभत नाही, अकीम असला तरी.

राहिला प्रश्न निघण्याच्या वेळेचा. दुपारपर्यंत खबर आली की बंब शर्यत संपल्याबरोबर निघणार. मग कळलं, आरोग्य खात्याची रुग्णवाहिका धावपटू पन्नास मीटरवर असतानाच निघणार. शिक्षण खातं बंदुकीच्या बारालाच सुटणार होतं.

"मग आपण 'जागेवर!' म्हटल्या म्हटल्या निघू," हिशेबनीस म्हणाला.

अकेंनी बराच वेळ मिशीवरून बोट फिरवलं. "आत्ताच का नको?"

"अके, शर्यत उद्या आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतोय. उद्या दारात गर्दी होईल."

आम्ही निघालो. अकीमसाहेब शेळीच्या कातड्यावर बसून कोणत्या तरी शिष्टमंडळाशी बोलत होते. शेजारी नुरमातबाबा होते, वय वर्षं एक्क्याण्णव, गावातले सगळ्यांत थोरले. अकेंनी उंबऱ्यातूनच "सुयुंचू! सुयुंचू!" अशी आरोळी ठोकली.

"काय झालं? बेकतुर जिंकला?" अकीमसाहेब उठून उभेच राहिले.

"जिंकल्यात जमा आहे, साहेब. फक्त धावण्याची औपचारिकता बाकी आहे."

वाक्याचा पहिला भाग साहेबांनी ऐकला. दुसरा भाग ऐकण्याची मोठ्या माणसांना सवय नसते. त्यांनी अंगातला मखमली झगा काढून अकेंच्या खांद्यावर टाकला आणि तबेल्यातला करडा घोडा सोडायला सांगितलं. नुरमातबाबांनी दोन्ही तळवे पसरून आशीर्वाद दिला, की या विजयाने प्रांताचं नाव उजळो. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून "ओमीन" म्हटलं. संपलं! थोरल्याचा आशीर्वाद आणि त्यावरचं ओमीन परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही. त्याच संध्याकाळी आदेश क्रमांक सत्तेचाळीस निघाला: बेकतुर यास विजयाबद्दल गौरविण्यात येत आहे. शिक्का मीच मारला.

आणि मग, आता लपवून काय करू, मी तरी कशाला मागे राहू? बेकतुरची आई जुमागुल माझ्याच गल्लीत राहते. मी तिच्या दारात जाऊन सुयुंचू म्हटलं. बिचारीच्या हातातलं पीठ खाली सांडलं. तिने पेटीतून लोकरीचा शिरदाक काढला. तीन हिवाळे बसून तो तिने शिवला होता, बेकतुरच्या लग्नात अंथरायला. तो माझ्या हातात देताना तिने एवढंच विचारलं, "फार दमला नाही ना गं?"

"छे, मुळीच नाही," मी म्हटलं. तिच्या दारात मी बोललेलं तेवढं एकच खरं होतं.

शनिवारी साडेतीनला आम्ही तयारीच्या खोलीत गेलो. बेकतुर बुटाची नाडी बांधत होता.

"अभिनंदन, बेटा!" अके म्हणाले.

"कशाबद्दल, अके?"

"तू जिंकलास."

"अजून धावलो कुठे?"

"हेच, हेच! तुम्हा पोरांना प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय." अके त्याच्याजवळ बाकावर बसले आणि आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो, धावलंच पाहिजे असं आहे का? धावण्यात हरण्याचा धोका असतो. न धावणारा माणूस हरल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही."

बेकतुर हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "अके, मला दहा पूर्णांक पंचवीसच्या आत यायचंय. आत आलो की आशियाई स्पर्धेला जाता येतं. आठ वर्षं त्याच्यासाठी घासतोय. मग पहिला येऊ दे, तिसरा येऊ दे, नाहीतर सातवा."

"सातवा?" अकेंनी भिंत धरली.

शर्यत सुरू झाली तेव्हा अधिकाऱ्यांच्या सज्जात मी एकटीच होते. बंब, रुग्णवाहिका, शिक्षण खातं, सगळे अकीमसाहेबांच्या फाटकाशी आपापल्या जागा धरून उभे होते. त्यांना अजून माहीत नव्हतं की घोडा कालच गेलाय. अके करड्या घोड्याला चारा घालायला गेले होते.

बार झाला. मी तीस वर्षं क्रीडा विभागात आहे, पण खरं सांगते, शर्यत अशी नीट बघितली ती पहिल्यांदाच. एरवी आमचं लक्ष सज्जात कोण कोणाशेजारी बसलंय यावर. बेकतुर सुरुवातीला मागे होता. साठ मीटरवर त्याने जे उचललं, मी उभीच राहिले आणि "पळ रे लेका, पळ!" असं ओरडले. ताजिकिस्तानचा सियोवुश एका छातीने पुढे राहिला. फलकावर सियोवुश दहा पूर्णांक एकोणीस, बेकतुर दहा पूर्णांक एकवीस. आमच्या प्रांतात इतक्या जोरात आजवर कोणी धावलेलं नव्हतं. पोरगं गुडघ्यांवर बसून धावपट्टीला कपाळ टेकून रडत होतं, आणि मी वर सज्जात रडत होते. सियोवुशने येऊन त्याला उठवलं आणि मिठी मारली.

अके आले तेव्हा मी डोळे पुसत होते.

"कितवा?"

"दुसरा. पण अके, त्याची वेळ..."

"दुसरा!" अकेंनी फलकाकडे रोखून पाहिलं. "म्हणजे निकाल चुकला."

निकाल बदलता येईल का, याची चाचपणी झाली. पंच बाहेरच्या देशांचे होते, कॅमेरे त्यांचेच होते, आणि त्यांना नुरमातबाबांच्या दाढीचं काही वाटत नव्हतं. आशीर्वाद खोटा ठरणार, आदेश खोटा ठरणार, मुख्य म्हणजे घोडा परत जाणार. अकेंचा चेहरा बघवत नव्हता. मग एकाएकी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"मायरम! पाहुण्याच्या आधी आपल्याकडे कोणी दारातून आत शिरतो का?"

"नाही."

"मग शर्यतीची शेवटची रेषा म्हणजे काय? दारच की!"

अर्ध्या तासात निवेदन तयार झालं: 'बेकतुर याने शर्यत तत्त्वतः जिंकली असून शेवटच्या पावलावर परंपरेस अनुसरून पाहुण्यास पुढे जाऊ दिले.' दुइशेनबेक निवेदन वाचून आमच्या दारात आला आणि अकेंपुढे वाकला. असलं डोकं अग्निशमन दलात नाही, हे त्याने कबूल केलं.

रात्रीच्या मेजवानीत अकीमसाहेबांना भरून आलं होतं. त्यांनी मेंढीचं उकडलेलं डोकं स्वतःच्या हाताने सियोवुशपुढे ठेवलं आणि म्हणाले, "घे बेटा. आमच्या पोराने तुला वाट दिली, आम्ही तुला मान देतो."

सियोवुशने दुभाष्याकडून ते दोनदा ऐकून घेतलं. त्याचा चेहरा लाल झाला. "वाट दिली? हा माझ्या मानेवर श्वास टाकत होता! मी आयुष्यात इतका घाबरलो नाही."

बेकतुर उठला. थोरल्यांच्या पंगतीत तरुणाने न विचारता बोलायचं नसतं, तरी बोलला. "साहेब, मी कोणाला वाट दिली नाही. मी जीव तोडून धावलो. तो माझ्याहून जोरात धावला, एवढंच झालं."

अकेंनी खांद्यावरचा झगा घट्ट धरला. मग अकीमसाहेबांनी डोळे पुसले.

"बघा," ते म्हणाले, "उपकार करून वर नाकारतो! याला म्हणतात संस्कार." टाळ्या थांबेनात. नुरमातबाबांनी पुन्हा तळवे पसरले आणि पुन्हा ओमीन झालं.

सोमवारी बेकतुर माझ्या टेबलाशी आला. हातात निकालपत्र होतं. आशियाई स्पर्धेसाठी ते विभागाच्या शिक्क्यासह बुधवारपर्यंत राजधानीला पोचायला हवं होतं.

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "तेवढा शिक्का मारा."

मी आत जाऊन अकेंना विचारलं. त्यांनी वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शेवटच्या पावलाला ज्याने पाय आखडता घेतला, तो आयुष्यातल्या सगळ्यांत जोराच्या वेळेत कसा येईल? हा कागद बाहेर गेला की निवेदन खोटं, आशीर्वाद खोटा. तो पाच सेकंद उशिरा आला असता तर मी स्वतः सही केली असती."

मी बाहेर आले. "अके विचार करतायत," मी सांगितलं.

"एजे, शिक्का तर तुमच्याकडे असतो ना?"

"असतो रे. पण तू असा हट्ट का करतोस? जिंकलास, साऱ्या प्रांताने मान्य केलं. दुसऱ्या नंबरचा कागद घेऊन फिरायची हौस कशाला?"

टेबलाखाली त्याच्या आईने शिवलेला शिरदाक होता, माझे पाय गार पडू नयेत म्हणून मी तिथे अंथरला होता. त्याने तो ओळखला. ओळखून, त्यावर धूळ पडू नये म्हणून आपले बूट जरा मागे घेतले, आणि निघून गेला. बुधवार आला, गेला. आशियाई स्पर्धा झाली त्या आठवड्यात बेकतुर आमच्या विभागातर्फे अकरा शाळांमध्ये 'पाहुणचार आणि खेळ' या विषयावर भाषणं देत होता. बसल्या जागी त्याचं वजन चार किलो वाढलं.

कागद माझ्या खणातच राहिला. शिक्का मारायला अकेंची परवानगी लागत नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी मारला नाही. भित्री आहे मी, आणि स्वार्थी, आणखी काय म्हणायचं ते म्हणा. हे लिहितेय ते वाचून तुम्ही मला शिव्या घालत असाल, घालाच. फक्त त्याआधी एक करा. मागे न बघता सांगा, बेकतुरने शंभर मीटर किती वेळात संपवले? नाही ना आठवत? पहिला आला नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात आहे. मग या, आमच्या विभागात एक जागा रिकामी आहे.