केशवच्या मयतीत माझं जांभळं तोंड

माझं तोंड बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे वाक्य मी आमच्या कारखान्याच्या गेटवर वर्षानुवर्षं ऐकवलं. साहेबांना ऐकवलं, युनियनच्या पुढाऱ्यांना ऐकवलं, कँटीनच्या ठेकेदाराला तर त्याच्या डाळीचा तळ दाखवत ऐकवलं. आणि खरंच, तसा माणूस जन्माला आलाच नाही. माझं तोंड एका स्पीडब्रेकरनं बंद केलं.

भोपाळात सरकारी कारखाना म्हटलं की लोक बरखेड्याच्या मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवतात. आमचा तो नव्हे. आमचा धाकटा, पंप बनवणारा. गावाबाहेर थोडी क्वार्टरं, एक दवाखाना, एक मारुतीचं देऊळ आणि गरजेपेक्षा जास्त साहेब. त्यातले सगळ्यांत मोठे बेहेरे साहेब. त्या दिवशी त्यांची मोटार माझ्या सायकलला चाटून गेली. मी मान मागे वळवून, तोंड पुरतं उघडून, त्यांच्या घराण्याचा उद्धार करत होतो. पुढे नवा स्पीडब्रेकर! त्याच आठवड्यात बांधलेला, पट्टे रंगवायचे राहिलेले. हनुवटी हँडलवर आपटली आणि जबडा दोन ठिकाणी मोडला. शिवी अर्धी राहिली ती राहिलीच.

अरेरा कॉलोनीतल्या खाजगी इस्पितळात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आत पट्टी बसवली आणि वरचे दात खालच्या दातांना तारेनं करकचून बांधले, गाडीवर कडबा बांधतात तसे. सहा आठवडे! वर आमच्या हिच्या, शशिकलेच्या हातात तार कापायची पक्कड दिली.

"ही कायम यांच्याजवळ ठेवा. उलटी झाली तर तारा कापून तोंड उघडायचं. नाहीतर गुदमरून जातील."

हिनं ती पक्कड काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधली. संध्याकाळपर्यंत टाउनशिपभर झालं: दत्तूभाऊंच्या गळ्यात मंगळसूत्र!

मला भेटायला रोज न चुकता, रिकाम्या हातानं येणारा एकच माणूस. केशव. आमचा फोरमन. पंपाचा आवाज ऐकून त्याला काय दुखतंय ते सांगणारा. गळणार नाही असं सील त्यानं स्वतःच्या डोक्यानं बनवलं, आणि दिल्लीचं बक्षीस घ्यायला गेले बेहेरे! केशवनं तक्रार केली, तर त्याला भंगाराच्या यार्डात बसवलं. उन्हात, गंजल्या लोखंडाच्या राखणीला. तिथंच त्याचं रक्त आटलं.

आपल्या मराठी मंडळींत अग्नी दिल्यावर स्मशानात भाषणं होतात. अशा भाषणांत मेलेला प्रत्येक माणूस देव होतो, आणि त्याला मारणारा प्रत्येक माणूस त्याचा जवळचा मित्र. म्हणून केशवचा आणि माझा करार होता. जो आधी जाईल त्याच्याबद्दल दुसऱ्यानं खरं बोलायचं, नावं घेऊन!

"आणि दत्तू, मला कोणी 'मनमिळाऊ' म्हटलं ना," केशव म्हणायचा, "तर मी चितेवरून उठून बसेन!"

तर मी तारबंद पडलो आणि टाउनशिपला माझा पुळका आला. बोलणाऱ्या दत्तूला कोणी पाणी विचारत नव्हतं, मुक्या दत्तूसाठी रांग लागली. वरच्या मजल्यावरच्या शोभाताईंनी शेवयांची खीर गाळून आणली. कोणी बासुंदी, कोणी आमरस, कोणी ग्लुकोजचा आख्खा डबा. सगळं गोड! मी नळीनं ओढायचो. नको म्हणायला तोंड कुठं होतं? पाटीवर 'नको' लिहीपर्यंत दुसरा पेला भरलेला असायचा. त्यात दिवसातून तीनदा जंतू मारायचं औषध, आणि आतून दात घासायची सोय नाही.

मग आग सुरू झाली. गालांच्या आत, हिरड्यांवर, जिभेवर, कोणी मिरची वाटून लिंपल्यासारखी. पाणीसुद्धा बोचायला लागलं. आणि चव गेली! बासुंदी आणि चुना, एकच. हिनं माझा ओठ बाजूला करून बॅटरी मारली.

"अहो, दही राहिलंय सगळं आत!"

दही मी खाल्लंच नव्हतं. मी पाटी शोधतोय तोवर हिनं लहान मुलांचा ब्रश आणून ते दही घासलं. दही निघालं, खाली लालभडक मांस दिसलं आणि रक्त आलं. मला ओरडायचं होतं. बंद दातांतून ओरडणं म्हणजे काय ते प्रेशर कुकरला विचारा!

टाउनशिपच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "मुँह खोलिए."

ही म्हणाली, "डॉक्टरसाब, तार से बंधा है."

"हाँ हाँ, बंधा है. पर खोलिए तो!"

"कैसे खोलेंगे?"

"आप नहीं, वो खोलें! पेशंट कौन है?"

शेवटी 'छाले हैं' असं ठरवून त्यांनी गिळायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या! ज्याच्या तोंडात भाताचं शीत जात नाही त्याला! पगार घेऊन न बघणाऱ्या या माणसाला मी पाटीवर एक शब्द लिहून दाखवला. त्यांना मराठी येत नव्हती. हिनं पुसला.

अरेरा कॉलोनीवाल्या डॉक्टरांनी गाल ओढून एकदाच पाहिलं. "बुरशी आहे. शिळ्या पोळीवर धरते तशीच. औषधांनी चांगले जंतूही मेले, तोंड साफ होत नाही, आणि साखर किती चाललीये? तुम्ही तिला मेजवानी देताय! आजपासून गोड बंद. आणि हे थेंब."

म्हणजे टाउनशिपनं इतके दिवस खीर मला नाही, माझ्या बुरशीला पाजली होती! ती तुकतुकीत झाली, मी वाळलो.

थेंब आमच्या दवाखान्यात नव्हते. कंपाउंडर म्हणाला, "अरे वही काम ये करेगा!" आणि त्यानं जांभळ्या औषधाची बाटली काढली. खरूज असो, गळू असो, टाउनशिपच्या कुत्र्याची जखम असो, तीच बाटली. त्यानं काडीला कापूस गुंडाळून माझे गाल, हिरड्या, दात, ओठ, अर्धी हनुवटी असं सगळं रंगवलं. सरकारी माल, हात कशाला आखडेल!

संध्याकाळी केशव आला. माझं तोंड बघून दारातच बसला आणि हसत सुटला. "वहिनी, अहो, हा बोकडासारखा कोणाची जांभळं चरून आलाय!" हसता हसता त्यानं छाती दाबून धरली. हसण्यानं दुखतंय, असंच आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशव गेला.

मी पक्कड गळ्यात घालून, पाटी काखेत घेऊन त्याच्या क्वार्टरवर पोचलो. अंगणात केशवचा मेहुणा गजानन उभा होता. नागपूरचा, नेमका त्याच दिवशी पहाटेच्या गाडीनं बहिणीकडे आलेला. त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. आता तुम्हीच बघा त्याच्या डोळ्यांनी. एक माणूस येतो. ओठ जांभळे. लाळ गळू नये म्हणून हनुवटी वर धरलेली. दात मिटलेले. काही विचारलं की "हूं, हूं". भोपाळात असा माणूस दिसला की त्याचा एकच अर्थ.

"लाज वाटत नाही?" गजानन कडाडला. "मयतीच्या घरी तोंडात पान कोंबून येता?"

"हूं! हूंहूं!"

"हूं काय? आधी थुंकून या!"

शेजारचे एक भोपाळी गृहस्थ हळूच म्हणाले, "जाने दो भाईसाब, पर मैयत में तो लोग थूक देते हैं."

मी पाटीवर लिहिलं, 'पान नाही. औषध.' गजाननचा चष्मा घरात होता. तो आणेपर्यंत पाटीवर जांभळा थेंब पडला आणि 'नाही'सकट 'औषध' वाहून गेलं. उरलं 'पान'! त्यानं माझी कॉलर धरली. नशीब, शशिकला मागून पोचली आणि तिनं माझा ओठ उचलून आतल्या तारा दाखवल्या. गजानन दोन पावलं मागे सरकला. माफी मात्र त्यानं मागितली नाही, तोंड फिरवून बांबू बांधायला बसला.

आत केशव जमिनीवर होता. त्याच्या उशाशी त्याचा मुलगा विजय, बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरीच बसलेला. कमलिनीवहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हात जोडले. "भावजी, आज बेहेरे साहेब येणारेत. तिथं बोलणारेत. तुम्हाला मी काय सांगू? आज आमचं सगळं तुमच्या हातात आहे."

मी छातीवर हात ठेवला. काळजी करू नका, वहिनी. केशवचा शब्द आहे.

लिहून दिलं असतं तर? कोणी वाचलं असतं? जमलेला प्रत्येक माणूस बेहेऱ्यांच्या सहीनं पगार घेणारा. बोलायचं तर मीच, नाहीतर कोणीच नाही.

विश्रामघाटावर विजयनं अग्नी दिला. लाकडांनी पेट घेतला. बेहेरे साहेब पांढऱ्या सफारीत पुढे आले आणि गळा काढला.

"केशवराव म्हणजे माझा उजवा हात. नव्या पंपाच्या कामात मी विचार करत असे, आणि ते मला पाने, नट, बोल्ट हातात देत असत..."

नट-बोल्ट! सील कोणाचं? यार्डात कोणी बसवलं?

"...स्वतः होऊन त्यांनी यार्डाची जबाबदारी मागून घेतली. असा सालस, असा मनमिळाऊ..."

मी चितेकडे पाहिलं. खरंच पाहिलं.

केशव उठला नाही.

मग मी पक्कड उचलली. ओठ बाजूला ओढून पहिली तार कापली. कट्! दुसरी. पक्कड हिरडीत घुसली. तिसरी. शशिकला बायकांबरोबर घरी थांबलेली, हात धरायला कोणी नव्हतं. बेहेरे 'कर्मयोगी'पर्यंत पोचले होते. शेवटची तार तुटली आणि मी गर्दी सारून पुढे झालो. जबडा उघडला, जेमतेम बोटभर. इतके दिवस बांधलेला जबडा, कुलूप गंजलेल्या दारासारखा! जीभ सुजलेली, सोललेली, बुरशीनं टाळूला चिकटलेली. मी सगळा जीव एकवटून बेहेऱ्यांकडे बोट दाखवलं आणि ओरडलो, "हा चोर आहे! सील केशवचं आहे! यानं मारलं त्याला!"

लोकांना ऐकू आलं ते असं: "आआ ओओ आआए! ईई एएअ... आआ... आअं!"

मग मागे कोणीतरी हुंदका दिला. बघता बघता सगळा घाट रडायला लागला! कँटीनचा ठेकेदार रडला. गजानन धाय मोकलून रडला. "मित्र असावा तर असा! तारा तोडल्या हो यानं!" मी पुन्हा ओरडलो. लोक आणखी रडले. वेदनेनं माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, मग तर विचारूच नका!

आणि बेहेऱ्यांनी मला मिठी मारली. घट्ट! "दत्तूभाऊ, शांत व्हा. मला समजतंय तुम्हाला काय म्हणायचंय."

माझं रक्त, लाळ आणि ते जांभळं औषध त्यांच्या पांढऱ्या सफारीवर खांद्यापासून खिशापर्यंत उतरलं. त्या दिवशी मी केलेलं तेवढंच एक काम. तो डाग धोब्याच्या बापाला निघायचा नाही.

जबडा सरकला होता. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तारा, पुन्हा तीच औषधं, आणि बुरशी? ती तर माहेरी यावी तशी आली! या वेळी पक्कड शशिकलेनं आपल्याच कमरेला खोचली. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तसाही बोलू शकत नव्हतो. शांत संसार चालला.

पण पडल्या पडल्या मी भाषण पाठ केलं. शब्दन् शब्द. तारा निघाल्या त्याच दिवशी, घरी चहासुद्धा न घेता, सरळ केशवच्या क्वार्टरवर गेलो. जगाला नाही तर नाही, केशवच्या घराला तरी खरं ऐकवायचं! पहिलं वाक्य जिभेवर तयार ठेवलं होतं.

कमलिनीवहिनींनी दार उघडलं आणि माझ्या हातात पेढा ठेवला.

"भावजी, विजय लागला! ह्यांच्या जागी. बेहेरे साहेबांनी सही केली. नाहीतर या महिन्यात क्वार्टर खाली करायचं होतं, कुठं गेलो असतो आम्ही?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "त्या दिवशी मी तुम्हाला हात जोडले ना, ते तिथं काही बोलू नका म्हणूनच. माझा जीव टांगणीला लागला होता. पण तुम्ही शब्द राखलात. नुसते रडलात. साहेब म्हणाले, दत्तूसारखा माणूस ज्याच्यासाठी माझ्या गळ्यात पडून रडतो, त्याच्या मुलाला मी घेणार नाही तर कोणाला?"

आतून विजय नव्या पँटची घडी मोडत आला आणि माझ्या पाया पडला. भिंतीवर केशव होता, हार घातलेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"खा ना, भावजी. मऊ आहे, चावायला नको. बैरागढहून आणलाय मुद्दाम. सांगा, कसा आहे?"

डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. जिभेवर अजून पांढरं. पेढा काय, शाडू काय, मला काही कळत नव्हतं. मी तो तोंडात टाकला, जबडा कसाबसा हलवला आणि सुटलेल्या तोंडानं पहिलं वाक्य बोललो, अगदी स्पष्ट.

"छान गोड आहे, वहिनी!"