शिंद्यांची ‘लगीच’ पद्धत

किंचाळणाऱ्या मुलीला मी झोका दिला. चांगुलपणानं दिला, आणि तीच माझी चूक.

मुलगी समोरच्या शिंद्यांची. चिमी, वय सात, अजून बोलत नव्हती. झोपाळा आमच्या हॉलमधला. आणि मी वीस वर्षं शाळेत मुलांना शिकवणारा मास्तर. म्हणजे मला कोणी काही शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. नव्वद सालानंतरची गोष्ट. नेरूळला आमची दारं समोरासमोर होती.

शिंदे मूळ साताऱ्याकडचे. महाप्याच्या एका कारखान्यात माल तपासायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम फुटाणे. कुणी काही चांगलं केलं रे केलं, की त्याच्या हातावर दोन फुटाणे. वॉचमननं गेट हाक मारायच्या आत उघडलं, दोन फुटाणे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मीटिंग अर्ध्या तासात आटोपली, चार.

“उद्या दिलं तर ते उद्याच्या कामाचं हुतं, मास्तर,” ते म्हणायचे. “लगीच पायजे.”

मी स्कूटर जिन्याच्या तोंडाशी आडवी लावायचो. शिंदे त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. एकदा चुकून सरळ लागली, तर फुटाणे हजर! महिन्याभरात मी स्कूटर भिंतीला चिकटवून लावू लागलो, आणि लावल्यावर शिंदे कुठे दिसतात का ते बघू लागलो. हे त्यांनी ठरवून केलं होतं, हे मला बायकोनं सांगितलं. सगळ्या बिल्डिंगला म्हणे माहीत होतं.

ही विद्या आली चिमीमुळे. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी कसल्या तरी इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स दिली होती. ती शिंद्यांनी रविवारी रविवारी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढली. वाशीची विशेष मुलांसाठीची एक शाळा म्हणाली होती, मुलीनं हवं ते निदान एक तरी स्वतःहून मागावं, मग जूनमध्ये घेऊ. तोवर चिमीला मागायची एकच रीत ठाऊक होती: किंकाळी.

तिला सगळ्यात काय आवडतं, हे शिंद्यांनी हेरलं. आमचा झोपाळा. मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. ओरडली तर झोका नाही. हात पुढे करून ‘झो’ म्हणाली, अर्धंमुर्धं म्हणाली, तरी लगीच झोका.

“आधी ‘बाबा’ म्हणायला शिकवा की,” मी अनुभवाचे बोल ऐकवले.

“बाबा म्हणून तिला काय मिळंल?” शिंदे म्हणाले. “तिच्या कामाचं आधी. माझ्या कामाचं मागनं.”

पाच दिवस चिमी ओरडली आणि मी दगड झालो. “इझायच्या आधी दिवा भडकतो, तवा तेवढा धीर धरा,” असं शिंदे बजावून गेले होते. सहाव्या दिवशी दिवा भडकला, चिमीची किंकाळी दुप्पट झाली. शिंदे कामावर. शिंदेवहिनी डोळ्यांना पदर लावून दारात. वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, “पोरीला मारताय काय हो?” मी उठलो आणि चिमीला झोपाळ्यावर बसवलं. क्षणात शांत! मनात म्हटलं, झेरॉक्स वाचून मास्तर होता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चिमी आमच्या दाराशी येऊन किंचाळली. पट्टी कालच्यापेक्षा वरची.

शिंदे रागावले नाहीत. त्यांनी वही आणली. तिच्यात तीन रकाने: आधी काय, मग काय, नंतर काय. बोट ठेवून वाचू लागले. “आधी, झोपाळा रिकामा. मग, पोरगी वरडली. नंतर, मास्तरांनी झोका दिला. आता सांगा, शिकवलं कुनी कुनाला?”

मी गप्प बसलो. गप्प बसल्याबद्दल दोन फुटाणे मिळाले.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिंदे रोज संध्याकाळी चिमीच्या मागे बसायचे, तिचं मनगट धरून हात पुढे करायचे. ती ‘झ’च्या आसपास काही पुटपुटली की मी झोका द्यायचा. ओरडली की भिंतीकडे बघायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सगळ्या एकादश्या मला पाठ झाल्या.

“आधार जरा जरा काढायचा,” शिंदे सांगायचे. “न्हाईतर आधाराचीच सवय लागती.” त्यांचा हात मनगटावरून कोपराशी आला, मग खांद्याशी. मग खांद्याला टेकलेलं नुसतं एक बोट. किंकाळ्या थांबल्या. ‘झो’ स्पष्ट झालं. मे संपत आला, पण ते बोट काही हटेना.

“अहो, ती आपली आपण हात पुढे करते आता,” मी म्हणालो. “बोट कशाला?”

शिंद्यांनी चिमीची वेणी सरळ केली.

“ठावं हाय,” ते हळूच म्हणाले. “दोन आठवडं झालं. पर बोट काढलं की ती म्होरं जाती, मास्तर. मागं वळून बघत न्हाई.”

सात वर्षं या माणसानं मुलीकडून एक हाक ऐकली नव्हती. तिला हात लावून बसायचं, तेवढंच त्यांचं तिच्याशी बोलणं होतं. मी कॅलेंडरकडे बघितलं.

दुसऱ्या संध्याकाळी चिमी एकटीच आमच्या उघड्या दारातून आत आली. शिंदे समोर त्यांच्या उंबऱ्यात उभे, दोन्ही हात काखेत गच्च दाबून. चिमी माझ्यापुढे थांबली. हात पुढे केला.

“झो.”

मला भरून आलं. मी चष्मा काढला, पुसला, शिंद्यांकडे वळलो. “शिंदे, वीस वर्षांच्या माझ्या अध्यापनात असा क्षण, खरं सांगतो…” वाक्य बरंच लांबणार होतं. चिमीचा हात तसाच पुढे.

“आवो मास्तर,” नवऱ्याच्या खांद्यावरून वहिनी ओरडल्या, “त्वांड मिटा आन् झोका द्या की!”