गेनूआबांची हाडांची बादली

चाकणजवळच्या कुरुळीत भाड्यानं खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "मटण खाता का?"

"खातो."

"घरी का हाटेलात?"

"रविवारी घरीच."

"आन् हाडं?"

हाडांचं काय, ते मला कळेना. मी परभणीहून नोकरीसाठी आलेला माणूस. आधारकार्ड, कंपनीचं ओळखपत्र, ऑफर लेटर, सगळं फाइलमध्ये लावून उभा होतो. फाइलीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "हाडं कचऱ्यात टाकतो," मी खरं ते सांगितलं. त्यांच्यादेखत मी देवाला शिवी दिल्यासारखे त्यांनी डोळे मिटले.

"हितं टाकायची न्हाईत," ते म्हणाले. "हितं हाडं जमा करायची."

हे आमचे गेनूआबा. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, डोक्यावर टोपी, पायात पोरानं टाकून दिलेले स्पोर्ट शूज. जमीन बरीचशी कंपन्यांत गेली, राहिलेल्या तुकड्यावर बारा खोल्या बांधल्या. बाकीचे घरमालक दर रविवारी पाण्याच्या मोटारीवरून भाडेकरूंशी भांडतात. आबा दुपारी झाकणाची स्टीलची बादली घेऊन खोल्या फिरतात. दार वाजवतात, बादली पुढं करतात आणि एकच शब्द म्हणतात, "सोडा."

पहिल्या रविवारी माझी बायको सुनीता घाबरली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी लागिर झालंय. मग आबांनी आम्हाला अंगणात बसवून प्रयोग दाखवला. खाटकाकडून आणलेलं कच्चं हाड दगडानं ठेचलं, तर ते नुसतं चेपलं. आमच्या रश्श्यातलं हाड ठेचलं, तर त्याच्या सुयांसारख्या ढलप्या उडाल्या. त्यातली एक उचलून त्यांनी पिकलेल्या टोमॅटोवर अलगद ओढली. टोमॅटो उभा फाटला.

"ह्ये कुत्र्याचं आतडं," आबा टोमॅटो दाखवत म्हणाले. "शिजलेलं हाड म्हंजी काच. कोंबडीचं तर लईच वंगाळ. आपण म्हणतो, पुण्य केलं, मुक्या जनावराला घातलं. आन् त्ये बिचारं तीन दिस कण्हत मरतं."

सुनीतानं त्या दिवसापासून टोमॅटो चिरताना दोनदा विचार करायला सुरुवात केली.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं मोठमोठे ऑडिटर येतात, सुटाबुटात येतात, भिंगातून एकेक तयार पार्ट बघतात. पण आबांसारखा इन्स्पेक्टर मी पाहिला नाही. गावात जावळाचं जेवण असलं की आबा ताटं ठेवायच्या जागी उभे. प्रत्येक ताटावर नजर. एकदा तर एका माजी सरपंचांना त्यांनी सगळ्यांसमोर अडवलं. "सरपंच, तुमच्या ताटात नळी वाढली व्हती. कुठं गेली?" सरपंचांनी ती हळूच टेबलाखाली बसलेल्या कुत्र्याला सरकवली होती. एवढा मोठा माणूस, पण पांढऱ्या कपड्यांनिशी टेबलाखाली वाकला आणि कुत्र्याच्या तोंडातून नळी सोडवून बादलीत टाकून गेला. आबांनी फक्त मान हलवली.

जमा झालेली हाडं ते शेताच्या कडेला खोल खड्ड्यात पुरायचे आणि वर फरशी टाकायचे. स्वतः मात्र मटणाला शिवत नव्हते. कारण विचारलं की म्हणायचे, "दात गेलं." दात तर बत्तीसच्या बत्तीस जागेवर दिसायचे.

आबांचं म्हणणं एवढंच होतं, की शिजलेलं बंद, कच्चं चालेल. आणि हे त्यांचं म्हणणं ज्या दिवशी मोडलं, तो दिवस मी विसरणार नाही.

आमच्या गल्लीत डंपर नावाचा कुत्रा आहे. समोर येईल ते पोटात ढकलतो, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. एका सुट्टीच्या सकाळी डंपर वेड्यासारखा पळत सुटला. तोंडातून फेस, पुढच्या पंजानं जबडा ओरबाडतोय, जवळ जाईल त्याच्या अंगावर येतोय. कोणी म्हणालं, पिसाळला. दोघं जण काठ्या घेऊन आले. तेवढ्यात आबा आले आणि लांबूनच म्हणाले, "काठ्या टाका. पिसाळला न्हाई, आडकलंय."

नीट पाहिलं तेव्हा आम्हालाही दिसलं. नळीच्या हाडाची गोल चकती, बांगडीसारखी, खालच्या जबड्यावर चढली होती आणि सुळ्यांच्या मागं घट्ट बसली होती. कुणीतरी प्रेमानं टाकलेली.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जनावरांच्या डॉक्टर, चाकणहून यायच्या होत्या, तास लागणार होता. "तोवर कुणी ओढाओढ करू नका, त्याला पळवू नका," त्या म्हणाल्या.

आबांनी टोपी काढून खिशात घातली. डंपर एका पडक्या भिंतीच्या कोपऱ्यात गुरगुरत उभा होता. आबा त्याच्यापासून चार हातांवर गेले आणि त्याच्याकडं पाठ करून मातीत बसले. बस्स. काही बोलले नाहीत, हात केला नाही, मागं वळून पाहिलं नाही. चवताळलेल्या कुत्र्याला उघडी मान देऊन बसलेला माणूस! पहिली पंधरा मिनिटं डंपर गुरगुरत होता. मग गप्प झाला. ऊन वाढलं, आबांच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. गल्लीतली पन्नास माणसं जागच्या जागी उभी. सुनीता मोबाईलवर व्हिडिओ काढत होती.

शेवटी डंपर एकेक पाऊल टाकत आला आणि रक्ताळलेलं तोंड त्यानं आबांच्या पाठीला टेकवलं.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्याचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. इंजेक्शन दिलं, तो झोपला, मग त्यांनी जबड्याला तेल लावून चकती फिरवत फिरवत काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी चकती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ह्ये तर कच्चं हाड हाय."

"कच्चंच आहे आबा. कच्च्यानंही अडकतं. कडक हाड चावताना दात तुटतात, पोटात तुकडे अडकतात, जंतू असतात ते वेगळेच. शिजलेल्यापेक्षा कमी वाईट, एवढंच. बिनधोक असं हाड नसतं."

मला वाटलं, आता म्हातारा वाद घालणार. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बादली न घेता बाराही खोल्यांची दारं त्यांनी वाजवली. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले, "कच्चं चालतंय म्हनलो व्हतो. माझं चुकलं. त्ये बी बंद." आमच्या कंपनीत चूक मान्य करायला साहेब लोकांना तीन मीटिंगा लागतात. सत्तरीतला माणूस बारा दारांत बारा वेळा "माझं चुकलं" म्हणून आला. माझे त्यांच्यासमोर आपोआप हात जोडले गेले.

मी हे काकूंना, म्हणजे आबांच्या बायकोला सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"बारा जनास्नी म्हनले व्हय? जिला म्हनायचं तिलाच तेवढं जमलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा महेश शहरात, वाकडला मोठ्या बिल्डिंगीत राहतो. नात ईश्वरी, तिचा कुत्रा ब्रुनो. चार वर्षांपूर्वी आबा तिकडं गेले होते. ब्रुनोवर त्यांचाही लई जीव. म्हणून हाडं मुद्दाम घरून शिजवून नेली. कच्ची टोचतील, शिजवल्यावर मऊ पडतील, असं त्यांना वाटलं. डब्यातून नेऊन स्वतःच्या हातानं भरवली. ब्रुनोचं ऑपरेशन केलं, पण तो वाचला नाही. "आबांनी मारलं," असं ईश्वरी रडत म्हणाली. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची. आबा उठून घरी आले, ते परत वाकडला गेले नाहीत. तीही आली नाही.

सुनीतानं काढलेला व्हिडिओ तोवर गावभर फिरला होता. गावातून पाहुण्यांत गेला आणि फिरत फिरत वाकडलाही पोचला असावा. कारण पुढच्याच रविवारी आमच्या फाटकात गाडी थांबली. महेशभाऊ उतरले आणि मागून बापाच्या खांद्याला लागलेली ईश्वरी. तिच्या कुशीत तपकिरी पिल्लू होतं.

आबा पायरीवर बसले होते. पिल्लू दिसलं तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आबा, ह्याचं नाव लाडू," ईश्वरी म्हणाली.

"बरं हाय नाव," आबा जमिनीकडं बघत म्हणाले.

"मी व्हिडिओ पाहिला. तुम्ही तासभर तसेच बसलात?"

"मग काय करायचं? त्यो भ्याला व्हता."

काकूंनी आतून चपाती आणली. ईश्वरीनं ती घेऊन आबांच्या पुढं धरली. "द्या ना त्याला. तुमच्या हातानं."

आबा उठून नळावर गेले, हात धुतले, पुन्हा धुतले, धोतराला पुसले. परत येऊन बसले आणि चपातीचा तुकडा तोडला. त्या तुकड्याचे बारके बारके कण केले. एकेक कण दोन बोटांत धरून चाचपून बघायला लागले. लाडू शेपटी हलवून दमला.

"आबा," ईश्वरी हळूच म्हणाली, "चपाती आहे ती. चपातीत हाड नसतं."

"नसंल," आबा म्हणाले. "पर बघून दिल्यालं बरं."

ईश्वरी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली आणि उरलेली चपाती मांडीवर घेऊन तीही एकेक कण चाचपून बघू लागली.