धर्मादादांचा जेवणाचा टायम

धर्मादादा भोईरांना वेळ विचारायची सोय नव्हती. "दादा, किती वाजले?" असं कुणी सहज विचारलं की ते कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढत, विचारणाऱ्याकडे फौजदारासारखे बघत आणि त्यालाच उलट विचारत, "टायम कंचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, वेळ म्हणजे वेळ! त्यात कंचा आणि फंचा काय? पण चीड आणणारी गोष्ट अशी, की त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरं युद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो काळ. आमच्या भाईंदर गावात मुंबईचा टायम चाले आणि स्टेशनात रेल्वेचा. रेल्वेचा टायम आमच्या गावापेक्षा चाळीसेक मिनिटं पुढे. गावातून स्टेशनात पाऊल टाकलं की उभ्याउभ्या पाऊण तास गेला. सरकारला याची लाज वाटत नव्हती, लोकांना सवय झाली होती आणि धर्मादादा एकटे सगळ्यांच्या वतीने संतापलेले असत.

एकदा उत्तनची मोनिकामावशी सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन घाईघाईने स्टेशनाकडे निघाली होती. तिने दादांना वेळ विचारली. दादांनी तिला रस्त्यात थांबवून गावाचा टायम, रेल्वेचा टायम आणि दोन्हींतला फरक नीट समजावून सांगितला. तेवढ्यात गाडी शिट्टी घालून निघून गेली. मावशीने पाटी खाली ठेवली आणि दादांचा असा काही उद्धार केला की मी मास्तर होतो त्या शाळेतली मुलं वर्ग सोडून ऐकायला आली.

दादा आमच्या भाईंदरच्याच मोरव्यातले, माझे शेजारी. खाडीकाठी दोन मिठागरं होती त्यांची. आयुष्यभर मीठ पिकवलेल्या या माणसाला पन्नाशीत साखरेचा रोग जडला. मुंबईच्या डॉक्टरांनी इन्शुलीन सुरू केलं. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक. सुई घेतली की अर्ध्या तासाने जेवलंच पाहिजे. सुई घेऊन जेवण नाही मिळालं तर अंगातली साखर उतरते, घाम फुटतो, माणूस बरळतो आणि आडवा होतो. कधी कधी उठतही नाही. हे डॉक्टरांनी दादांना एकदा सांगितलं आणि दादांनी गावाला हजारदा.

संध्याकाळी साडेसातला सुई, आठला जेवण. यात इंद्र आला तरी बदल नाही. गावकीच्या बैठकीत पाटील बोलत असले तरी दादा मध्येच उठायचे. "माझी सुई हाय," एवढं म्हणायचे आणि चालू लागायचे. माझ्या घरी सत्यनारायणाची कथा चालू असताना, ऐन साधुवाण्याची नौका बुडत होती तिथे, हे गृहस्थ उठले. भटजींनी पोथी मिटली. मी दात-ओठ खाल्ले. घरी त्यांच्या पत्नी जानकीवहिनी सुई उकळून तयारच असायच्या.

तर अशा माणसाबरोबर मला कलकत्त्याला जावं लागलं.

दादांची मुलगी कुसुम लग्न होऊन कलकत्त्याला गेली होती. तिला दिवस गेले, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे पहिलटकरीण असूनही तिला माहेरी येता आलं नाही. मुलगा झाला. बारशाला आजी-आजोबांनी जायचं, पण वहिनींना घर सोडता येईना. दादांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून वहिनी कुठे जाणार? शेवटी वहिनी माझ्याकडे आल्या. "मास्तर, तुमाला मे म्हैन्याची सुट्टी हाय. तुमी जा यांच्यासंगती. येकटं सोडलं त कुठं तरी सुई टोचून बसतील आन जेवाचं इसरतील." वहिनींना नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही.

सामान बघून माझा जीव दडपला. इन्शुलीनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात, कारण उन्हाळ्यात त्या नासतात. काचेची पिचकारी कापसात. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि लघवी तपासायचं निळं पाणी. शिवाय बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा. त्या डब्याला वहिनींनी जाड मांजरपाटाची खोळ घालून ती चहूबाजूंनी दाभणाने शिवून टाकली होती. नवऱ्याची जीभ त्यांना ठाऊक होती.

पहिल्याच सकाळी दादांनी गाडीच्या भर डब्यात दिवा पेटवला. नळीत निळं पाणी, त्यात थेंब टाकलेले, आणि वर सगळं उकळतंय. निळ्याचं हिरवं झालं. समोरचा एक जाडजूड भय्या केव्हाचा टक लावून बघत होता. त्याने आदराने विचारलं, "बाबूजी, शरबत है क्या?"

"घर का है," दादा म्हणाले.

मी शरमेने खिडकीबाहेर तोंड काढलं. दादांना मात्र कशाचीच शरम नव्हती. त्यांची एकच तक्रार. मुंबई सोडल्यापासून जो तो रेल्वेचा टायम सांगत होता, आणि म्हणे कलकत्त्यात तर तिसराच टायम चालतो, आपल्यापेक्षा तासाभराने पुढे. "एक राजा, एक रुपया, आन टायम तीन! ह्यांना मोजता येत न्हाय, राज्य कनाला करतात?" मी म्हटलं, दादा, घड्याळ थोडं थोडं पुढे करत चला, सुई आणि जेवणही तसतसं सरकवा, कलकत्त्याला पोचेपर्यंत सगळं जुळेल. त्यांनी घड्याळ छातीशी धरलं. "ह्या काट्याला हात लावाचा न्हाय."

संध्याकाळी घात झाला. दादांनी टाइमटेबल चाळून ठेवलं होतं. आठ वाजता मोठं स्टेशन, तिथे गरम पुरी-भाजी मिळते. म्हणजे साडेसातला सुई घ्यायची आणि स्टेशन आलं की जेवायचं. बेत चोख होता.

बाहेर अंधारून आलं आणि एक मोठं स्टेशन आलं. फलाटावर पुऱ्या तळल्याचा वास. मी उठलो तर दादांनी माझा सदरा ओढला. "हे न्हाय ते. सात वाजून वीस मिनटं झालीत. आपलं आठला." मला भूक लागली होती. मी माझ्यापुरती पुरी-भाजी घेतली आणि त्यांच्यासमोर बसून खाल्ली. गाडी सुटली. थोड्या वेळाने दादांनी घड्याळ बघितलं आणि दंडात सुई टोचून घेतली.

मग आम्ही आठच्या स्टेशनाची वाट बघत बसलो. आठ झाले. सव्वाआठ झाले. बाहेर नुसतं रान. भय्याला विचारलं तर तो म्हणाला, ते स्टेशन तर मघाशीच गेलं, तुम्ही पुरी घेतलीत तेच ते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाइमटेबल रेल्वेच्या टायमात छापलेलं होतं आणि दादांचं घड्याळ भाईंदरात होतं! ज्या माणसाने साऱ्या गावाला वेळेवरून उभं-आडवं घेतलं, तो टाइमटेबलला तेवढा एक प्रश्न विचारायला विसरला! मला इतका संताप आला की मी त्यांना फाडफाड बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि रागबिग विसरलो.

दादा घामाने भिजले होते. हात थरथरत होते. एकाएकी ते बाकावर उभे राहिले आणि वरच्या फळीवरच्या ट्रंकांना ओरडून हुकूम देऊ लागले. "अरे भरती आली, आगरात पाणी घ्या! बांध फोडा!" मग माझ्याकडे वळून, "हा बघा, हा सरकारचा मिठावरचा शिपाई. धरा याला!" भय्याने घाबरून आपलं गाठोडं पोटाशी घेतलं. दादा पुन्हा काही म्हणायला गेले, जीभ अडखळली आणि ते माझ्या अंगावर कलंडले.

पुढचं मोठं स्टेशन कधी येणार कुणाला ठाऊक! त्या वेळी मी खरोखर भ्यालो. हा माणूस इथेच गेला तर वहिनींना तोंड कसं दाखवू? आणि मला लाडवांचा डबा आठवला. चाकू नाही, कात्री नाही. मी वहिनींची ती शिवण दातांनी तोडली. हिरड्यांतून रक्त आलं. भय्याने दादांचं डोकं मांडीवर घेतलं, मी लाडू कुस्करून थोडा थोडा त्यांच्या तोंडात घातला. "चावा दादा, चावा." एक झाला, दुसरा झाला. हळूहळू त्यांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी फाटलेली खोळ बघितली, माझ्या हातातला लाडू बघितला आणि क्षीण आवाजात म्हणाले, "मास्तर, पोरीचा डबा फोडलात? लाज न्हाय वाटली?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस घड्याळ बदलतो. दादांनी बदललं नाही. कलकत्त्याला जावयाच्या घरी पोचलो, त्यांच्या डॉक्टरांनी समजावलं, जावयाने समजावलं, कुसुमने रडून बघितलं. दादा हो-हो म्हणत आणि कलकत्त्याचं सगळं घर जेवून उठलं की मग सुई टोचून घेत.

बारशाच्या संध्याकाळी तर कळस झाला. कलकत्त्यातली मराठी मंडळी जमली होती. पानं वाढली, उदबत्त्या लावल्या, श्लोक झाले. मुलाचे आजोबा म्हणून मानाचं पान दादांचं. त्यांनी घास घेतल्याशिवाय पंगत कशी सुरू होणार? आणि दादा हात जोडून बसून राहिले. वरण-भातावर साय धरली, पुऱ्यांचं चामडं झालं. पोरं रडायला लागली. कुसुमच्या सासूबाई दाराआड उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडचं अन्न चालत नसेल त्यांना." कुसुमचा चेहरा उतरला. बाळाला घेऊन ती आत गेली.

मी दादांचं मनगट धरून त्यांना व्हरांड्यात ओढलं. "दादा, हद्द झाली! लेकीचा अपमान होतोय. सुई घ्या आणि पानावर या. इथे आठ केव्हाच वाजून गेले!"

"हितले वाजले. घरचे न्हाय."

"घरचं काय घेऊन बसलात? घर तिकडे आहे!"

"म्हनून तर," दादा म्हणाले. "मास्तर, तुमची वैनी मी जेवल्याबिगर घास घेते का?"

"नाही. मग?"

"तिला पित्त हाय. उपाशी रायली त घेरी येते. मागं मी आगरावर रमलू, घरी यायला उशीर झाला. आलू तवा ती चुलीपाशी पडलेली. हात भाजला व्हता कोपरापरेंत. किती सांगितलं, तू आधी जेवत जा. ऐकंल तर ना! मग हा रोग आला. सुई टोचली की मना जेवायलाच लागतंय, आन मी जेवलू की ती जेवते. डॉक्टर म्हनतो, भोईर, तुमची शिस्त मोठी. कसली शिस्त, मास्तर!"

ऐकून माझा राग गेला. तरी मास्तरकी गेली नाही. मी म्हटलं, "मग आत्ता जेवलात तर बिघडलं काय? ती तासाभराने जेवेल. तुमच्या मागूनच की."

"बिघडतंय. ती जेवून उठंपरेंत मी पाटावरनं उठत न्हाय. समोर बसतंय. निघताना म्हनाली, इतक्या वर्सांत येकटी जेवले न्हाय. मी सांगितलं, घरच्या घड्याळात आठ झाले की पानावर बस, त्याच टायमाला मी पन हात पानाला लावीन. समोरच हाय समज. आता ती तिथं मी समोर हाय समजून जेवनार आन मी हितं जेवून पान चघळत बसू?"

मी आत गेलो. पंगतीला सांगितलं, आजोबांना डॉक्टरांचं बंधन आहे, त्यांनी सर्वांना सुरू करायला सांगितलंय. सासूबाईंना काय वाटलं ते वाटलं. मी माझं पान झाकून ठेवलं आणि दादांबरोबर मागून जेवलो.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दादा आईपाशी बसले होते. वहिनी चुलीवर सुई उकळत होत्या. त्यांचा चेहरा ओढलेला दिसला. मी हळूच विचारलं, "वहिनी, ठरल्या वेळेला जेवत होता ना?"

त्यांनी आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "बसायची मी आठला. पान वाढून. पन घास उतरना. लोकांचं घर, यांना कवा वाढतील, सुई कोन उकळील, मना काय म्हाईत? म्हटलं, उशीर झाला असंल त? म्हनून आनखी थोडी थांबायची. रोजच थांबायची. दोनदा पित्त झालं. यांना सांगू नका, मास्तर."

मला त्या दोघांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हा तिकडे सगळ्या जगाशी वैर घेऊन वेळ पाळत होता आणि ही इथे भरल्या पानासमोर उपाशी!

दादा बाहेर आले. बाही वर सारत त्यांनी मला बाजूला घेतलं. "विचारलं काय तिला? माझ्यासमोर खरं बोलनार न्हाय ती. टायमावर जेवायची ना?"

मी शाळामास्तर. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी अंगठे धरून उभं करतो.

"अगदी टायमावर," मी म्हणालो.

दादांचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. वहिनी माझ्याकडे न बघता पाट मांडत होत्या, एकासमोर एक. "मास्तर, तुमचं पन पान वाढते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नको वहिनी, आज तुम्ही दोघं जेवा.