बोगद्यात हात घालू नये

जुनी वस्तू विकावी कशी, हे माझ्याकडून शिका! लोक भाव ठरवतात, घासाघीस करतात, घाम गाळतात. मी फक्त जाहिरात लिहितो.

*मसुदा पहिला. विकणे आहे: खेळातली आगगाडी, चाळीस वर्षं जुनी. इंजिन, सहा डबे, रूळ, बोगद्यासह डोंगर. सुस्थितीत. धावताना बघायला रविवारी चार वाजता या.*

'सुस्थितीत' लिहिताना मी गाडी चालवून पाहिली नव्हती. ही पहिली चूक. बाबांना विचारलं नव्हतं. ही दुसरी; पण ती चूक नव्हे, धोरण होतं! डोंगर बाबांनी माझ्या लहानपणी स्वतःच्या हातांनी प्लास्टरचा केलेला. विकतोय म्हटलं तर म्हातारा खचला असता. रविवारी तीन ते पाच बाबा न्हाव्याकडे असतात. डोक्यावर केस सतरा, पण गप्पा दोन तास.

घाई बायकोची होती. सोमवारी तिचा शिवणवर्ग सुरू व्हायचा होता. आठ बायकांनी नावं नोंदवलेली, आणि कापड बेतायला घरात एकच मोठं टेबल. त्यावर डोंगर.

"आज टेबल मोकळं झालं नाही, तर उद्या मी तुझ्या पाठीवर कापड बेतीन!" ती म्हणाली.

साडेतीनलाच बेल वाजली. दारात एक निवृत्त दंतवैद्य.

"फोनवर तुमचा आवाज जरा वयस्कर वाटला होता," ते म्हणाले.

फोन तीन आले होते. यातले हे कोणते, आठवेना.

"सर्दी," मी म्हणालो. गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत!

"एक फेरी पूर्ण करून दाखवा. लगेच घेऊन जातो."

मी बटण दाबलं. गाडी निघाली. वळणावर डुलली. बोगद्यात शिरली.

आणि

(ही ओळ मी अर्धीच सोडतो. आम्ही तिघंही तोंड उघडं टाकून अशीच वाट बघत होतो.)

डॉक्टरांनी खिशातून दांड्याचा छोटा आरसा काढला, गुडघे टेकले आणि बोगद्यात डोकावून पाहिलं. "आत काहीतरी अडकलंय. अगदी मागे, अक्कलदाढेच्या जागी."

मी हात घातला. इंजिन सापडलं. घट्ट पकडून उचललं. हात निघेना!

"मूठ सोडा," डॉक्टर म्हणाले.

"आपटेल ना! दिवा काचेचा आहे!"

साबणाचं पाणी झालं. तेल झालं. बायकोने मला ओढलं, डॉक्टरांनी डोंगराला ओढलं. टेबल हललं, मी हललो, हात जागचा हलला नाही. चाराला दहा कमी. बायको हातोडी घेऊन आली.

"फोडते डोंगर."

"नको! बाबांनी केलाय तो!"

"मग विकतोयस कशाला?"

मी मोकळा हात शिखरावर आडवा धरला.

*मसुदा दुसरा. 'सुस्थितीत' काढून टाकणे.*

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. बाबा! तासभर आधी!

त्यांनी पाहिलं. मुलगा डोंगरात. सून हातोडी उगारून. परका माणूस गुडघ्यांवर. माझ्या मानेवरून घामाचा थेंब पाठीत उतरला, त्याचाही आवाज झाला असावा.

बाबा टेबलामागे गेले. एक खिट्टी सरकवली. डोंगराचं शिखर डब्याच्या झाकणासारखं उचललं.

"झाकण आहे, गाढवा. लहानपणी रोज उघडायचास."

आत माझी मूठ. मुठीत इंजिन. आणि रुळांवर सिगारेटचं चेपलेलं पाकीट.

"बाबा! दोन वर्षांपूर्वी सोडली होती ना?" बायको म्हणाली.

"गार्डची असेल."

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होतो…"

पण ते डॉक्टरांकडे बघत होते. "अहो, तुम्हाला साडेपाचला बोलावलं होतं! याला तेव्हा भाजीला पाठवणार होतो मी."

"राहवलं नाही हो," डॉक्टर आरसा पुसत म्हणाले.

"तुम्ही बोलावलंत?" मी ओरडलो.

"तुला विचारलं असतं, तर विकू दिली असतीस? मूठ बघ स्वतःची!"

मूठ अजून मिटलेलीच होती. शेवटी बायकोने काखेत गुदगुल्या केल्या, तेव्हा उघडली.

"तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?" मी विचारलं.

"गाडी जाण्याआधी एकदा चालवावी म्हटलं. एकट्याने," बाबा म्हणाले. आणि बटण माझ्याकडे सरकवलं.

गाडीने एक फेरी पूर्ण केली. मग डॉक्टरांनी इंजिन, डबे, रूळ, सगळं नेलं. डोंगर सोडून! "तो घरी केलेला, कंपनीचा नाही," म्हणे. चार वाजता माझी खरी गिऱ्हाइकं आली, नुसता डोंगर बघून परत गेली.

टेबल मात्र मोकळं झालं. डोंगर सध्या पलंगावर आहे. मी खाली.

*मसुदा तिसरा. डोंगर एक. गाडी नाही. फुकट. झाकण वरून उघडते. आत हात घालू नये.*