पाठकोरा कागद

"लोकांचे पेपर फुटतात कशामुळे? दुसऱ्यावर विसंबतात म्हणून! माझ्या पेपरला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही!"

अर्थमितीचे सर जेवून पाय पसरून बायकोला सांगत होते. अर्थमिती म्हणजे अर्थशास्त्राला गणिताच्या तालमीत घालायचं. विद्यापीठातली मुलं त्या तासाला हाडं मोडल्यासारखी बसत, पण सरांचा जीव त्याच विषयात. पेपर त्यांनीच काढला, त्यांनीच टाइप केला, आणि झेरॉक्स काढताना शिपायालासुद्धा खोलीबाहेर उभं केलं! आता दुपारचा दीड वाजला होता. अकराला सुरू झालेला पेपर दोनला सुटणार होता. आपल्याच विषयाच्या परीक्षेला हॉलमध्ये जाता येत नाही, म्हणून स्वारी घरी.

बायकोने उरलेली एक प्रत किराण्याची यादी करायला घेतली आणि उलटी केली.

"अहो, हा कागद पाठकोरा नाही."

"पाठकोराच आहे. पेपर एकाच पानाचा आहे."

"मग ही मागे मुंग्यांची रांग कसली?"

सरांनी कागद पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाचही प्रश्नांची उत्तरं! कुणाच्या हाती लागलीच तर कळू नये म्हणून वर 'उत्तरे' असं लिहिलंही नव्हतं. उत्तरांचा कागद पेपरखालीच राहिला होता आणि मशीनवर दोन्ही बाजूंचं बटण दाबलं गेलं होतं!

"साठ मुलं! साठच्या साठ पहिल्या वर्गात! माझी नोकरी गेली!"

एका पायात बूट, एका पायात बायकोची चप्पल, असे सर सुटले. हॉलच्या दारात इतिहासाच्या मॅडम पहाऱ्याला होत्या.

"सर, तुम्हाला आत येता येणार नाही."

"मॅडम, ती मागची बाजू..."

"त्या मागच्या बाजूपायीच पोरं रडकुंडीला आलीत! इतका मोठा पेपर काढतात का कुणी?"

सर भिंतीला टेकले. तेवढ्यात घंटा झाली. पहिलाच बाहेर आलेला उंच मुलगा हात जोडून म्हणाला, "सर, पुढचं पान कसंबसं जमलं. मागचे पाच प्रश्न मात्र वाचताच आले नाहीत. थोडे मार्क वाढवून द्या ना!"

"कुणालाच नाही कळलं?"

"कुणालाच नाही!" मागून सगळा वर्ग ओरडला.

सरांना एकेकाला मिठी मारावीशी वाटली. वर्षभर घसा कोरडा करून शिकवलेलं कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. केवढं हे भाग्य!

तरी लपवणं बरं नव्हे, म्हणून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन ते विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. बाईंनी एकेक उत्तरपत्रिका चाळली. कुणीही मागची एक ओळसुद्धा उतरवली नव्हती.

"मग फेरपरीक्षा नको," बाई म्हणाल्या.

सरांनी असा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"मुलांची काही लेखी तक्रार?"

"एकच आहे," सर शेवटची उत्तरपत्रिका पुढे सरकवत पुटपुटले. "या मुलीने लिहिलंय, मागचा चौथा प्रश्न चुकीचा छापलाय, त्यात वजाचं चिन्ह राहिलंय."

"मग? राहिलंय का?"

सरांनी पायांकडे पाहिलं. एक बूट, एक चप्पल.

"तीनदा तपासलं, बाई. राहिलंय."